आरटीईतून पहिलीत: साताऱ्यातलं आमचं पहिलं वर्ष

परवा लेकीचा पहिलीचा निकाल हातात पडला. घरी येऊन मी निळी फाईल उघडली, प्रगतिपुस्तक सगळ्यात वर ठेवलं आणि फाईल कपाटाच्या वरच्या खणात ठेवून दिली. गेलं सव्वा वर्ष ही फाईल शिलाई मशीनच्या खणात, हाताशी असायची. कुठून कधी बोलावणं येईल याचा नेम नव्हता. आता ती वर गेली, म्हणून लिहायला बसले. गल्लीतल्या तीन-चार जणी आरटीईचं, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यातून खासगी शाळेत मिळणाऱ्या मोफत प्रवेशाचं, विचारत असतात आणि तोंडी सांगताना दर वेळी काहीतरी राहून जातं.

आम्ही साताऱ्यात गोडोलीच्या बाजूला भाड्याने राहतो. मी घरी शिवणकाम करते, मिस्टर दुसऱ्याच्या टेम्पोवर ड्रायव्हर आहेत. लेक आता जाते त्या शाळेचं डोक्यात कसं आलं तर एका ब्लाउजमुळे. गिऱ्हाइकाच्या घरी ब्लाउज द्यायला गेले होते. त्यांची चौथीतली मुलगी माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "काकू, ही काजं तुम्ही हातानं करता की मशीनवर?" मी सांगितलं, तर पुढचा प्रश्न, "मग सगळी एकसारखी कशी येतात?" उत्तर मिळेपर्यंत ती तिथेच उभी राहिली. मोठ्या माणसाला असं विचारायला मला कॉलेजात गेल्यावरही जमत नव्हतं. ती कुठल्या शाळेत जाते ते मी विचारून घेतलं. फी ऐकली आणि विषय सोडून दिला. महिनाभराने त्याच ताईंनी सांगितलं, "अहो, आमच्या शाळेत आरटीईची मुलंही आहेत. चौकशी तर करा."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात कलम १२(१)(क) आहे. खासगी विनाअनुदानित शाळेने सुरुवातीच्या वर्गातल्या २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्यायच्या आणि त्यांना आठवीपर्यंत फी लावायची नाही. दुर्बल घटकासाठी आपल्याकडे वर्षाचं उत्पन्न एक लाखाच्या आत लागतं. आम्ही त्यात बसत होतो.

जानेवारी २०२४ मध्ये कागद गोळा करायला घेतले. पहिला अडथळा राहण्याच्या पुराव्याचा. आमची आधार कार्डं गावच्या पत्त्यावर. भाडेकरार चालतो, पण तो दुय्यम निबंधकांकडे नोंदवलेला हवा आणि अर्जाच्या आधीचा हवा. नोटरीचा चालत नाही. घरमालक काका आधी नको म्हणाले. नोंदणी झाली की भाडेकरू घरावर हक्क सांगतो अशी त्यांना भीती होती. मिस्टर दोनदा जाऊन आले, उपयोग झाला नाही. मग मी लेकीला घेऊन गेले आणि काकूंसमोर सगळं सांगितलं. काकू म्हणाल्या, "अकरा महिन्यांचा कागद आहे, त्यात काय एवढं?" त्यांच्यामुळे काम झालं. मुद्रांक शुल्क १०० रुपये, नोंदणीची फी नगरपालिका हद्दीत १,००० (ग्रामीण भागात ५०० असते) आणि करून देणाऱ्याचे ८००. आमच्या हिशेबाने ही मोठी रक्कम होती. ब्लाउजांची उधारी गोळा करून भागवली.

तोवर ९ फेब्रुवारीला सरकारने नियम बदलला. खासगी शाळेपासून एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर त्या खासगी शाळेला या २५ टक्क्यांतून सूट. साताऱ्यासारख्या गावात एक किलोमीटरच्या आत अशी शाळा नसलेली खासगी शाळा कुठून सापडणार? एप्रिलच्या मध्यात अर्ज सुरू झाले. सायबर कॅफेत बसून शाळांची यादी उघडली, तर नगरपालिकेच्या आणि अनुदानितच शाळा दिसत होत्या. त्या शाळांना मी नावं ठेवत नाही. मी स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकले आणि तिथल्या गुरुजींना आजही वाकून नमस्कार करते. पण तिथे जायला अर्ज, सोडत, उत्पन्नाचा दाखला यातलं काहीच लागत नाही. मग ही धावपळ कशासाठी? त्या दिवशी अर्ज न भरताच परत आले. पोवई नाक्यापर्यंत चालत आले आणि काहीच सुचेना म्हणून तिथल्या बाकावर बसून राहिले.

उत्पन्नाचा दाखला त्याच दिवसांत अडकला होता. लोकसभेचं मतदान आमच्याकडे ७ मे ला होतं, त्यामुळे तलाठी ऑफिसला कुलूप किंवा "साहेब इलेक्शन ड्युटीला". दाखल्याची सरकारी फी तेव्हा ३३ रुपये ६० पैसे. फेऱ्या मात्र पाच झाल्या, आणि पाच वेळा दुपारचं शिवणकाम बुडालं. म्हणून सांगते, दाखला अर्ज सुरू होण्याआधीच काढून ठेवा. निवडणुकीच्या वर्षी तर नक्कीच.

६ मे ला उच्च न्यायालयाने त्या एक किलोमीटरच्या नियमाला स्थगिती दिली. मला त्याच गिऱ्हाईक ताईंचा फोन आला, "पेपर बघितलात का?" १७ मे पासून नव्याने अर्ज सुरू झाले आणि या वेळी यादीत ती शाळा होती.

अर्ज भरतानाची एक गोष्ट नीट ऐका. घराची जागा गुगल नकाशावरच्या लाल फुग्याने दाखवावी लागते आणि शाळेपर्यंतचं अंतर त्यावरून मोजलं जातं. आमच्या वेळी एक किलोमीटरच्या आतल्यांना आधी, मग तीन किलोमीटरपर्यंतच्यांना असं होतं. कॅफेतल्या मुलाने फुगा अंदाजाने आमच्या गल्लीच्या तोंडाशी टाकला होता. मी त्याला थांबवलं, शेजारच्या दादाला फोन केला आणि त्याला आमच्या दारात उभं राहून लोकेशन पाठवायला लावलं. नंतर पडताळणीत अंतर खोटं निघालं तर प्रवेश रद्द होतो. दहा शाळा निवडता येतात. जिथे मुलाला रोज पोचवणं जमेल तेवढ्याच निवडा. आम्ही चार भरल्या. अर्ज कायम करण्याआधी नावाचं स्पेलिंग जन्मदाखल्याशी जुळवून बघा. आमच्या आडनावात एक अक्षर जास्त पडलं होतं.

७ जून ला सोडत निघाली, पण प्रकरण कोर्टात असल्याने निकाल जाहीर होईना. हा काळ सगळ्यात वाईट गेला. पंधरा जूनला शाळा सुरू झाल्या. गल्लीतली मुलं नवीन दप्तरं घेऊन निघाली आणि लेक दारात उभी. "आई, माझी शाळा कुठली?" काय सांगणार? दुसरीकडे नाव घातलं तर पुढे अडचण होईल असं कुणीतरी सांगितलेलं. शेवटी जवळच्या नगरपालिका शाळेतल्या बाईंना भेटले आणि खरं ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "नाव नंतर बघू. पोरगी घरी कशाला बसवता? बसू दे वर्गात." पाच आठवडे ती त्यांच्या वर्गात बसली. बाराखडी तिथेच पक्की झाली. त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही.

आषाढी झाली. १९ जुलैला, शुक्रवारी, उच्च न्यायालयाने तो नियमच रद्द केला आणि पाठोपाठ याद्या लागल्या. एसएमएसची वाट बघत बसू नका, तो येईलच असं नाही. पोर्टलवर अर्जाचा नंबर टाकून रोज बघा. मी रात्री साडेअकराला मिस्टरांच्या मोबाईलवर बघितलं. नंबर लागला होता. मिस्टर टेम्पो घेऊन कराडला गेले होते आणि मोबाईल घरी विसरले होते, म्हणून ही बातमी सांगायला घरात कुणी जागं नव्हतं. लेकीच्या अंगावर पांघरूण नीट केलं आणि पहाटेपर्यंत जागी राहिले.

नंबर लागला म्हणजे प्रवेश झाला असं नाही. पंचायत समितीत पडताळणी समितीसमोर सगळे मूळ कागद दाखवावे लागतात आणि झेरॉक्सचे दोन संच द्यावे लागतात. भर पावसात रांग. एका बाईंचा भाडेकरार अर्जानंतरच्या तारखेचा होता, त्यांना परत पाठवलं. त्या पायरीवर बसून रडत होत्या आणि मला काही करता येत नव्हतं. आमच्या स्पेलिंगवर शंका निघाली. हमीपत्र लिहून दिलं आणि प्रकरण मिटलं. फाईलला प्लास्टिकची पिशवी घालून न्या. साताऱ्याचा जुलै काय असतो हे आपल्याला सांगायला नको.

शाळेत कागद द्यायला गेले तेव्हा मनात धाकधूक होती. यादीतल्या दुसऱ्या एका शाळेबद्दल ऐकलं होतं की तिथे आरटीईच्या पालकांना "ॲक्टिव्हिटी फी" भरायला सांगतात. कायद्यात प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची मुलाखत घ्यायला मनाई आहे, हे मी पाठ करून गेले होते. पण मुख्याध्यापिका बाईंनी विचारलं ते इतकंच, "हिला काय आवडतं?" मी म्हणाले, "कापडाच्या चिंध्यांच्या बाहुल्या करते." त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. सरकार शाळांना एका मुलामागे वर्षाला जास्तीत जास्त १७,६७० रुपये देतं आणि तेही वेळेवर मिळत नाहीत अशी शाळांची तक्रार असते. हे सगळं माहीत असूनही त्यांच्या बोलण्यात ते कुठे जाणवलं नाही. गणवेश, बूट, वह्या-पुस्तकं मिळून आमचे साधारण साडेपाच हजार गेले. शाळेतच जुन्या पुस्तकांचं कपाट आहे, मोठ्या वर्गात गेलेली मुलं आपली पुस्तकं त्यात ठेवतात. हे आधी कळलं असतं तर दीड हजार वाचले असते. तुम्ही आधी विचारा.

आता शाळेचं सांगते, कारण अर्जाची माहिती आणखी कुठेही मिळेल.

पहिले सहा आठवडे लेक वर्गात एक शब्दही बोलली नाही. बाकीची मुलं ज्युनियर केजीपासून तिथली, इंग्रजीत भांडायचीसुद्धा. ही घरी येऊन गप्प जेवायची. एका रात्री म्हणाली, "मला जुन्या बाईंकडे जायचंय." मला वाटलं, माझ्या हट्टापायी पोरीला कुठे नेऊन टाकलं. मी वर्गाच्या बाईंना भेटले आणि विचारलं, "घरी इंग्रजी बोलायला सुरुवात करू का? मोडकंतोडकं येतं मला." त्या म्हणाल्या, "नको ताई. घरी भरपूर मराठीत बोला, गोष्टी सांगा. तिच्याकडे सांगण्यासारखं भरपूर असलं की भाषा मागनं येते." त्यांनी हिची जागा बदलून एका बडबड्या मुलाशेजारी दिली. रोज मधल्या सुट्टीआधी दहा मिनिटं पाचवीतली एक ताई पहिलीतल्या दोघा-तिघांना गोष्ट वाचून दाखवते, अशी त्या शाळेत पद्धत आहे. लेकीची ताई गोष्ट इंग्रजीत वाचायची आणि अडलं की मराठीत समजवायची. गणपतीच्या आदल्या आठवड्यात लेक घरी येऊन म्हणाली, "आज मी ताईला विचारलं, हा कोल्हा राहतो कुठं?" मी मशीन थांबवलं आणि तिला पुन्हा सांगायला लावलं.

त्या शाळेतला एक शब्द आमच्या घरात आलाय, "शोधूया". बाईंना एखादी गोष्ट येत नसली तर त्या तसं सांगतात आणि फळ्याच्या कोपऱ्यात प्रश्न लिहून ठेवतात. शुक्रवारपर्यंत कुणीही घरून उत्तर आणायचं, आणि आणणाऱ्याने दोन मिनिटं उभं राहून सांगायचं. चुकलं तर कुणी हसत नाही, कारण आठवडाभर बाईंनाही ते येत नव्हतं. माझ्या मते मुलं न घाबरता बोलतात ती याच कोपऱ्यामुळे. स्टेजवरच्या भाषणांपेक्षा मला त्याचं मोल जास्त वाटतं.

पालकांचं मात्र सोपं नव्हतं. व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळं इंग्रजीत. वाढदिवसाच्या पार्ट्या मोठ्या हॉटेलात, तिथे भेट काय न्यायची याची चिंता. दोनदा आम्ही गेलोच नाही. सप्टेंबरच्या पालकसभेत मी हात वर केला आणि मराठीत म्हणाले की मेसेज मला पूर्ण कळत नाहीत. छाती धडधडत होती. माझं झाल्यावर आणखी दोन आया म्हणाल्या, "आम्हालाही." त्यातली एक दवाखाना असलेल्या डॉक्टर बाई. त्या दिवसापासून त्याच मोठ्या मेसेजखाली मराठीत व्हॉइस मेसेज टाकतात. वाढदिवसाचंही ठरलं, वर्गात फक्त एक पुस्तक द्यायचं, वर्गाच्या कपाटासाठी. काही पालकांना हे पटलं नाही, अजूनही नाही.

दिवाळीच्या सुट्टीनंतर बाई मुलांना राजवाड्याजवळच्या प्रतापसिंह हायस्कूलला घेऊन गेल्या. ७ नोव्हेंबर १९०० ला बाबासाहेब आंबेडकरांचं नाव तिथे दाखल झालं, हा दिवस राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. रजिस्टरात नाव आहे 'भिवा'. साताऱ्यात इंग्रजी पहिलीत बसलेला हा मुलगा १९१३ मध्ये न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेला आणि नंतर लंडनला, असं बाईंनी सांगितलं. रात्री लेकीने मला विचारलं, "नोव्हेंबरात? म्हणजे तेही उशिराच आले होते शाळेत?" मी म्हणाले, "हो, तुझ्यापेक्षाही उशिरा." यावर ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "बाईंना सांगते उद्या."

जानेवारीत शाळेतून निरोप आला: 'आमच्या घरातलं जग'. घरातलं कुणी परदेशी गेलं असेल, तर तिथली एखादी वस्तू आणि तिची गोष्ट घेऊन यायचं. ग्रुपवर दुबई, सिंगापूर, जर्मनी सुरू झालं. मिस्टर म्हणाले, "आपलं कोण गेलंय? पुण्याच्या पुढं कुणी नाही." मी बाईंना तसं कळवणार होते, तेवढ्यात आजोबा आठवले. माझं माहेर अपशिंगे. गावाच्या नावापुढे 'मिलिटरी' लागतं. पहिल्या महायुद्धात गावातली ४६ माणसं गेली, त्यांचा स्मृतिस्तंभ गावात आहे. माझे आजोबा, म्हणजे लेकीचे पणजोबा, दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीतून इटलीत लढले होते. माहेरी माझ्या दादाला फोन केला. त्याने देवघरातलं पदक रुमालात बांधलं, डबीत घातलं आणि साताऱ्याच्या एसटीत ओळखीच्या कंडक्टरकडे दिलं. स्टँडवर जाऊन मी ते ताब्यात घेतलं.

इतकं जवळून मीही ते पहिल्यांदाच बघत होते. सहा टोकांची पिवळ्या धातूची चांदणी, मधे राजमुकुट. एक टोक थोडं वाकलेलं. वर लाल, पांढरी, हिरवी, पुन्हा पांढरी, लाल अशी पट्टी, कडेने उसवलेली. माझा हात लगेच सुईकडे गेला, पण लेक म्हणाली, "नको शिवू. पणजोबांच्या वेळची उसवलीय ती." तशीच राहू दिली.

हॉलमध्ये बाईंनी जमिनीवर रांगोळीने जगाचा नकाशा काढला होता. प्रत्येकाने साताऱ्यापासून चालत त्या देशात जायचं आणि गोष्ट सांगायची. पालक भिंतीला लागून बसलेले. लेक डबी छातीशी धरून समुद्र ओलांडून गेली. इटलीचा बूट तिला सापडेना, तर शेजारच्या बडबड्या मुलाने बोट दाखवलं. ती मराठीत बोलली, "माझे पणजोबा बोटीने गेले होते. तिथे सेनिओ नावाची नदी आहे. ती आपल्या कृष्णेपेक्षा लहान आहे, पण तिचे बांध खूप उंच आहेत. पणजोबांना तिथे थंडी वाजायची." मग डबी उघडली आणि एकच वाक्य इंग्रजीत म्हणाली, बाईंकडे न बघता. खाली बसली. डॉक्टर बाईंच्या मुलाने हात वर केला, "तिथल्या लोकांना त्यांची भाषा यायची का?" लेक म्हणाली, "मला माहीत नाही. शोधूया."

तो प्रश्न फळ्याच्या कोपऱ्यात लिहिला गेला. रविवारी आम्ही दोघी अपशिंग्याला गेलो, पदक परत द्यायचंच होतं. दादाने घरच्या म्हाताऱ्यांकडून ऐकलेलं सांगितलं: आजोबांना इटालियनमधले पाव, पाणी, आई असे पाच-सहा शब्द येत होते आणि एक म्हातारी त्यांना चुलीजवळ बसवायची. लेकीने ते वहीत लिहून घेतलं. शुक्रवारी तिची दोन मिनिटांची पाळी होती, ती चार मिनिटं बोलली असं बाईंनी कळवलं.

सगळं चांगलंच आहे असं नाही. स्नेहसंमेलनाच्या ड्रेसचे ९०० रुपये मला लागले. मी शिवून देते म्हणाले होते, पण सगळ्यांचा एकसारखा हवा होता. व्हॅनचे महिन्याला ८०० जातात. आणि आठवीनंतर काय, हा प्रश्न मी आणि मिस्टर रात्री बोलतो आणि तिथेच सोडतो. त्यासाठी पोस्टात महिन्याला ३०० रुपयांचं आरडी सुरू केलं आहे.

२०२५-२६ चे अर्ज जानेवारी २०२५ मध्येच सुरू झाले होते. पुढच्या वर्षी भरणार असाल तर दिवाळी झाली की भाडेकरार आणि उत्पन्नाचा दाखला हे दोन कागद हातात हवेत. काही अडलं तर दुपारी दोन ते चार मी घरीच असते, मशीनवर. फाईल वरच्या खणात असली तरी काढून दाखवीन.